गुडघ्याची साक्ष

तेओकोताई तेरा वर्षांचा, अंगानं भरलेला,
एका वर्षात दोन मापांचे बूट मागे टाकलेला.
'कोच, गुडघा दुखतोय,' एप्रिलमध्ये म्हणाला.
आणि मी, बत्तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
करवतीच्या गोंगाटात माणसांचे ओठ वाचलेला मी,
म्हणालो, 'वाढीचं दुखणं. पळ, सुटेल.'

तो पळाला.

टोकोरोआत जूनची सकाळ म्हणजे
मैदानभर अंथरलेली काच.
बुटांखाली ती करकरते,
आणि मी पाठमोरा उभा राहून
पावलांवरून पोरांची नावं सांगतो.
त्याचं पाऊल बदललं होतं.
एक टक्, एक फरपट.
उजवा ठसा बाहेर वळलेला,
दर वेळी उजवाच.
मी पाहिलं होतं.
हे लिहून ठेवतो, कारण नंतर सगळेच म्हणतात
की काही दिसलंच नव्हतं.

त्याच्या मामीनं खोबरेल कोमट करून चोळलं,
निळा पट्टा आणला, तो दोनदा उसवला.
गुडघ्याचा फोटो काढला. स्वच्छ.
स्वच्छ! त्या रात्री आम्ही कोंबडी भाजली.
चोर वर, खुब्यात दबा धरून,
आणि आम्ही खाली
संन्याशाला सुळी देत होतो.

मग आमचे डॉक्टर रजेवर गेले.
त्यांच्या जागी तीन आठवड्यांसाठी हिल्के नावाची बाई,
माझ्या खांद्याएवढी, थंड हातांची.
तिनं गुडघ्याला हातच लावला नाही.
त्याला उताणं निजवलं,
पाय उचलून छातीकडे नेऊ लागली,
तर पाय आपोआप बाहेरच्या बाजूला गेला,
बिजागरीतून निसटलेल्या दारासारखा.
तिनं तो हलकेच आत वळवायला घेतला
आणि तेओकोताईनं चादर मुठीत धरली.
ओरडला नाही. आमच्या गावची पोरं ओरडत नाहीत.
पण ओठ मला वाचता येतात.

'किती दिवस झाले?'
मी आठवडे मोजले.
दहा बोटं संपली, आठवडा एक उरला.

ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाली, 'वाढत्या पोराचा गुडघा दुखला
की आधी खुबा बघायचा.
लंगडत असेल तर आठवडे मोजत बसायचं नाही.
आणि पाय टेकवेनासा झाला
तर रात्र असो, रविवार असो, तडक इस्पितळ.'
मग त्याच्याकडे वळून,
'आता या टेबलावरून तू उतरायचं नाहीस.
एक पाऊलसुद्धा नाही.'
तिनं हॅमिल्टनच्या हाडांच्या तज्ज्ञांना फोन लावला.
तो मला कुजबुजत म्हणाला, 'शनिवारची मॅच?'

रात्री तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
मांडीच्या हाडाचा माथा
वाढीच्या कोवळ्या पट्टीवरून सरकलेला.
मामी म्हणे, असं कसं सरकतं, पडला नाही, झडला नाही.
मला मात्र कळलं.
वसंतात ओंडक्याची साल नुसत्या हातानं निघते.
हिवाळ्यात घट्ट असते, पाती बोथट करते.
झाड जिथं वाढत असतं
तिथंच ते सगळ्यात सुटं असतं.
हे मला बत्तीस वर्षं ठाऊक होतं.
लाकडाबद्दल.

एक स्क्रू बसवला. डाव्या खुब्यावरही नजर ठेवायची आहे.
सरकलेलं होतं तिथंच धरून ठेवलंय,
मागे नेता येत नाही, म्हणाले.
एप्रिलमध्ये आला असता तर, असं कुणी म्हणालं नाही.
मीच म्हणतो, गाडी चालवताना.

आता तो बाकावर बसतो, कुबड्या आडव्या ठेवून,
मध्यंतरासाठी संत्री चिरतो,
फोडी वाकड्या, कुठे जाड, कुठे पातळ.
परवा सुरी थांबवून म्हणाला,
'कोच. तो सात नंबरचा. ऐका.'

मी ऐकलं.
चेंडू आमच्याकडे होता, रेषा चार पावलांवर.
मी शिटी वाजवली.
आया-बाप कडेनं ओरडू लागले.
सात नंबर धापा टाकत आला, गाल लाल.

'काय दुखतंय?'

'काही नाही, कोच,' तो म्हणाला,
'गुडघा.'